चिठ्ठीला व्हिसा मिळत नाही: परदेशातल्या औषधांच्या नियमांमागची गोष्ट

(हा आपल्या ताज्या एपिसोडचा लेखी मजकूर आहे. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि वाचायचा कंटाळा आला तर इयरफोन लावा. बोलताना अडखळले ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.)

 

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे सुचला. आपली एक श्रोती आहे, नाशिकची. पुढच्या महिन्यात नोकरीसाठी परदेशात चाललीय. तिनं विचारलं, "ताई, आई माझ्या बॅगेत सहा महिन्यांच्या गोळ्या भरतेय. डॉक्टरांची चिठ्ठीपण आहे. संपल्या की तिकडं तीच चिठ्ठी दाखवून घेता येतील ना?"

याचं छोटं उत्तर आहे, 'नाही'. पण नुसतं नाही म्हणून एपिसोड होत नाही! आणि खरं सांगू का, हाच प्रश्न मला २०१९ मध्ये कुणीतरी आधी विचारायला हवा होता. कारण याचं उत्तर मी एका रविवारी रात्री धाप लागलेली असताना शिकले.

लाल रंगातला 'ए'

मी तेव्हा जर्मनीत शिकत होते. मला लहानपणापासून दमा. आपल्याकडे तसा काही प्रश्न नसतो. पंप संपला की कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं, 'काका, अस्थालिन द्या' म्हणायचं. काका न बघता मागच्या फळीवरून काढून देतात. चिठ्ठी विचारली तर आपल्यालाच नवल वाटतं.

तिकडं थंडी पडली, हवा कोरडी झाली, आणि नेलेले दोन्ही पंप माझ्या हिशेबापेक्षा आधी संपले. दिवस रविवार. जर्मनीत रविवारी जवळपास सगळं बंद. रात्री पाळीवर उघडं असलेलं एक औषधांचं दुकान सापडलं. जर्मनीत अशा दुकानावर मोठा लाल 'ए' असतो, 'अपोथेके'चा. दाराला एक छोटी खिडकी, त्यातूनच व्यवहार. मी पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढं केली. आतल्या बाईंनी ती नीट वाचली. औषधाचं नाव त्यांना कळलं. सालब्युटामॉल त्यांच्या मागच्या कपाटातच होतं, मला डबा दिसत होता. त्या म्हणाल्या, "माफ करा, ही चिठ्ठी मला चालणार नाही."

मी चिडले. म्हटलं, अहो, डॉक्टरची सही आहे, शिक्का आहे, समोर मी धापा टाकतेय! त्या शांतपणे म्हणाल्या, "फ्रान्सच्या डॉक्टरची असती तरी दिलं असतं. भारताची नाही देता येत." मग त्यांनी मला ११६११७ हा नंबर लिहून दिला. रात्री-अपरात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांचा तो जर्मनीतला नंबर. जवळच्या दवाखान्यात मला कसं जायचं ते समजावलं, आणि बजावलं की श्वास जास्त अडकला तर सरळ ११२ फिरवा. तासाभरानं मी जर्मन डॉक्टरची चिठ्ठी घेऊन त्याच खिडकीशी परत आले. त्याच कपाटातला तोच डबा मला मिळाला.

त्या रात्री मला वाटलं, काय हा अडेलतट्टूपणा! औषध तेच, माणूस तोच, आजार तोच. फक्त कागद बदलला. पुढं या विषयावर वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की त्या खिडकीपलीकडं एकट्या बाई उभ्या नव्हत्या. त्यांच्यामागं जवळजवळ आठशे वर्षांचा इतिहास उभा होता. आज तोच सांगायचाय.

लिहिणारा वेगळा, देणारा वेगळा

सुरुवात करू तेराव्या शतकातून. दुसरा फ्रेडरिक नावाचा सम्राट, सिसिली आणि दक्षिण इटलीवर त्याचं राज्य. १२४० च्या आसपास त्यानं एक हुकूम काढला. वैद्यानं औषधाचं दुकान चालवायचं नाही, आणि दुकानदाराशी भागीदारीही करायची नाही. औषधांच्या किमतीवरही सरकारचं लक्ष राहील.

का? विचार करा. जो माणूस तुम्हाला औषध लिहून देतो, त्यालाच त्या औषधाचे पैसे मिळणार असतील, तर तो किती औषधं लिहील? म्हणून लिहिणारा वेगळा आणि देणारा वेगळा. देणाऱ्यानं लिहिणाऱ्यावर लक्ष ठेवायचं, म्हणजे पेशंटला दोन कुलपांचं संरक्षण.

जर्मनीत ही कल्पना आजही इतकी मुरलेली आहे की साधं पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, अपोथेकेमध्येच जावं लागतं. उलट अमेरिकेत तेच पॅरासिटामॉल किराणा दुकानात शेकड्यानं गोळ्या भरलेल्या बाटलीत मिळतं. म्हणजे 'परदेशात नियम कडक असतात' हे वाक्यच अर्धवट आहे. प्रत्येक देश वेगळ्या गोष्टीबद्दल कडक असतो. आणि कशाबद्दल कडक, हे बहुतेक वेळा त्या देशाला कुठं चटका बसला यावर ठरतं. आजच्या एपिसोडचा सारांश हवा असेल तर एवढाच आहे. आता एकेक चटका बघू.

रासबेरीच्या चवीचं विष

अमेरिका, १९३७. तोपर्यंत तिथं अफू-मॉर्फिनसारखी नशेची औषधं सोडली तर जवळपास काहीही चिठ्ठीशिवाय विकत घेता येत होतं. हो, अमेरिकेत!

तेव्हा सल्फानिलामाइड हे नवं औषध जोरात होतं. घसा सुजला, जंतुसंसर्ग झाला की गोळी घ्या. पण मुलांना गोळी गिळता येत नाही, म्हणून टेनेसीमधल्या मॅसेंगिल नावाच्या कंपनीनं त्याचं पातळ औषध करायचं ठरवलं. हे औषध पाण्यात नीट विरघळेना. त्यांच्या केमिस्टनं ते डायइथिलीन ग्लायकॉल नावाच्या द्रवात विरघळवलं, रासबेरीचा स्वाद घातला, रंग-वास-चव तपासली, आणि माल रवाना केला.

जे तपासलं नाही ते हे, की माणसाच्या पोटात गेल्यावर याचं काय होतं. डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं रसायन आहे. चवीला गोड. आणि मूत्रपिंडं बंद पाडतं. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात बरीच लहान मुलं. सरकारी निरीक्षक गावोगाव फिरून बाटल्या गोळा करत होते.

यातली सगळ्यात संतापजनक गोष्ट ऐका. कंपनीवर खटला भरला तो माणसं मारल्याचा नाही. विकण्याआधी औषध सुरक्षित आहे का ते बघा, असं सांगणारा कायदाच नव्हता. दंड झाला तो लेबलवरच्या 'इलिक्सिर' या शब्दाबद्दल! इलिक्सिर म्हणायचं तर त्यात अल्कोहोल हवं, आणि यात ते नव्हतं.

म्हणून १९३८ चा कायदा आला: आधी सुरक्षितता दाखवा, मग विका. आणि १९५१ मध्ये ड्युरम-हम्फ्री दुरुस्ती आली. कोणती औषधं चिठ्ठीवरच द्यायची आणि कोणती अशीच, याची रेघ तिनं पक्की आखली. ही दुरुस्ती मांडणारे दोघंही मुळात फार्मासिस्ट होते. त्यातले ह्युबर्ट हम्फ्री पुढं अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले.

त्या डायइथिलीन ग्लायकॉलचं नाव लक्षात ठेवा. ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे, आणि तेही आपल्या मुंबईत.

साधी झोपेची गोळी

दुसरा चटका जर्मनीचा. १९५७ मध्ये तिथल्या ग्रुनेंथाल कंपनीनं 'कॉन्टेरगान' बाजारात आणलं. आतलं औषध थॅलिडोमाइड. शांत झोप लागते, गरोदरपणातली मळमळ थांबते, आणि इतकं सुरक्षित की चिठ्ठीची गरज नाही, अशी जाहिरात. घरोघरी गेलं.

मग हात-पाय पूर्ण न वाढलेली बाळं जन्माला यायला लागली. एक, दोन, मग शेकड्यांनी. जर्मनीत डॉक्टर विडुकिंड लेंझ आणि ऑस्ट्रेलियात डॉक्टर विल्यम मॅकब्राइड, दोघांनीही बोट त्या गोळीकडं दाखवलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत औषध मागं घेतलं गेलं. जगभरात दहा हजारांहून जास्त मुलांना याची किंमत मोजावी लागली.

अमेरिकेत मात्र हे औषध विक्रीला आलंच नाही. कारण १९६० मध्ये औषध खात्यात नव्यानं रुजू झालेल्या फ्रान्सिस केल्सी या बाईंच्या टेबलावर ती फाइल आली, आणि त्या म्हणाल्या, पुरावा पुरेसा नाही. कंपनीनं पुन्हा पुन्हा तगादा लावला, त्या हलल्या नाहीत. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांचा सन्मान केला. एका बाईच्या 'नाही'नं हजारो घरं वाचली.

यानंतर बऱ्याच देशांनी कायदे बदलले. ब्रिटननं १९६८ मध्ये नवा औषध कायदा केला, जर्मनीनं १९७६ मध्ये. आता त्या खिडकीतल्या बाई परत आठवून बघा. ज्या देशात 'साधी' म्हणून चिठ्ठीविना विकलेल्या गोळीनं एका पिढीचं असं नुकसान केलं, त्या देशातला फार्मासिस्ट 'अहो, द्या हो, साधा तर पंप आहे' याला का बधेल?

मुंबईच्या बंदरातून दुबईच्या विमानतळापर्यंत

आता आखाताकडं वळू. आपली लाखो माणसं तिकडं आहेत. आणि दुबईला जाणाऱ्यांना एक सूचना हमखास मिळते: कोडीन असलेलं कफ सिरप, ट्रॅमाडॉल, झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या परवानगीशिवाय नेऊ नका, अटक होऊ शकते. गुन्हेगारानं नव्हे, पाठदुखीच्या पेशंटनं नेली तरी. हे कुठून आलं?

याचा एक धागा थेट मुंबईत येतो. एकोणिसाव्या शतकात माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. बंगालच्या अफूवर कंपनी सरकारचा मक्ता होता, माळव्याची अफू मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हातात होती. त्यातलं मोठं नाव म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय. कापसासोबत अफूच्या व्यापारातही त्यांनी अमाप पैसा कमावला, आणि त्यातला बराचसा दानधर्मात घातला. १८४५ मध्ये सुरू झालेलं मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं.

चीननं अफू थांबवायचा प्रयत्न केला, त्यावरून युद्धं झाली, चीन हरला, व्यापार चालूच राहिला. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगाचं मत फिरलं. १९०९ मध्ये शांघायला बैठक झाली, १९१२ मध्ये हेग इथं करार झाला: अफू, मॉर्फिन, कोकेन, हेरॉइन यांचा वापर औषधापुरताच ठेवायचा. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात हा करारही घातला गेला, म्हणजे तहावर सही करणाऱ्यांना हा आपोआप लागू. १९६१ मध्ये सगळे करार एकत्र करून संयुक्त राष्ट्रांचा एकच मोठा करार झाला. १९७१ मध्ये मनावर परिणाम करणाऱ्या औषधांसाठी आणखी एक.

म्हणजे कोडीन किंवा मॉर्फिन सीमा ओलांडतं तेव्हा ते फक्त औषध नसतं, आंतरराष्ट्रीय कराराखालची वस्तू असतं. करार सगळ्यांना सारखा, पण त्याखाली किती कडक व्हायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. काही औषधं करारात नाहीत, तरी एखादा देश त्यांना स्वतःच्या यादीत टाकतो. ट्रॅमाडॉलचंच बघा. आपल्याकडे वर्षानुवर्षं ते साध्या वेदनाशामकासारखं मिळायचं. भारतानं त्याला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं ते २०१८ मध्ये. आखातातल्या देशांनी त्याच्या कितीतरी आधी दार लावलं होतं. मधल्या काळात जो पेशंट पुण्यात निर्धास्त होता, तोच दुबईत आरोपी होऊ शकत होता. गोळी एकच, मधे फक्त तीन तासांचं विमान.

जपानला सर्दीच्या गोळीची भीती का?

जपानची गोष्ट तर कादंबरीसारखी आहे. नागाई नागायोशी नावाचे शास्त्रज्ञ बर्लिनमध्ये शिकून आले. १८८५ मध्ये त्यांनी एका पारंपरिक वनस्पतीतून इफेड्रिन वेगळं काढलं. दम्यावर उपयोगी! पुढं १८९३ मध्ये त्याच इफेड्रिनपासून त्यांनी मेथाम्फेटामाइन बनवलं. बरीच वर्षं त्याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. मग दुसरं महायुद्ध आलं, आणि 'फिलोपोन' किंवा 'हिरोपोन' या नावानं ते बाजारात आलं. झोप उडवतं, थकवा घालवतं. सैनिकांना दिलं, कारखान्यातल्या कामगारांना दिलं.

युद्ध संपलं. हरलेला, उपाशी देश, आणि लष्करी गोदामांतला तो साठा बाहेर बाजारात. व्यसनाची लाट आली. १९५१ मध्ये जपाननं उत्तेजक औषधांविरुद्ध कडक कायदा केला, आणि ती भीती आजही गेलेली नाही.

म्हणून आज ॲम्फेटामाइन असलेलं औषध, जे अमेरिकेत लक्ष विचलित होण्याच्या त्रासावर डॉक्टर सर्रास लिहून देतात, ते जपानमध्ये नेताच येत नाही. चिठ्ठी असो वा नसो. स्यूडोइफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची गोळीसुद्धा बंद. २०१५ मध्ये एका मोठ्या जपानी मोटार कंपनीच्या अमेरिकन महिला अधिकाऱ्याला पोस्टानं मागवलेल्या वेदनाशामक गोळ्यांवरून अटक झाली. खटला भरला गेला नाही, पण काही आठवडे कोठडी झाली आणि नोकरीही गेली.

गंमत बघा. दम्याच्या औषधातून सुरू झालेली गोष्ट कुठं जाऊन पोचली! माझ्यासारख्या दमेकऱ्याला हे वाचताना जरा विचित्रच वाटलं.

पुन्हा तेच विष, पुन्हा जे. जे.

आता म्हणाल, भारतात काय नियमच नाहीत का? आहेत की! १९३० च्या सुमाराला बाजारात भेसळीच्या औषधांचा सुळसुळाट झाला होता, अगदी मलेरियावरच्या क्विनाइनमध्येही. सरकारनं कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींतून १९४० चा औषध कायदा आला आणि १९४५ चे नियम. 'शेड्यूल एच' ऐकलंय ना? तुमच्या गोळीच्या पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावं. अँटिबायोटिकच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, ती त्याचीच खूण. २०१३ मध्ये आणखी कडक 'एच-वन' यादी आली. कागदावर आपण कुणाच्याही मागं नाही. कोपऱ्यावरच्या काकांकडे काय होतं, ते मात्र तुम्हाला-मला माहीत आहे.

आणि याचाही चटका बसलाय. १९८६ चा जानेवारी-फेब्रुवारी. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल. तिथं काही पेशंटना ग्लिसरीन दिलं गेलं, डोक्यातला आणि डोळ्यांतला दाब कमी करायला देतात ते. पेशंटची मूत्रपिंडं बंद पडायला लागली. १४ जण गेले. ग्लिसरीनमध्ये काय सापडलं? डायइथिलीन ग्लायकॉल. १९३७ चं तेच रसायन, ४९ वर्षांनी, अफूच्या पैशातून उभ्या राहिलेल्या त्याच हॉस्पिटलात. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं चौकशी केली. कारखान्यात वापरायचा माल औषध म्हणून कसा पुढं सरकला, आणि खरेदीपासून तपासणीपर्यंत प्रत्येक पायरीवर कुणी कुणी डोळे मिटले, ते बाहेर आलं.

तिथं तरी थांबायला हवं होतं. नाही थांबलं. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबिया देशात सुमारे ७० मुलं दगावली. भारतात बनलेल्या सिरपमध्ये तेच विष सापडल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या मुलांबाबत पुन्हा तेच. त्यातली कितीतरी मुलं उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणली होती.

हे मी भारताला नावं ठेवायला सांगत नाहीये. हाच देश जगाला स्वस्त औषधं पुरवतो. अमेरिकेत खपणाऱ्या जेनेरिक गोळ्यांचा मोठा वाटा भारतातून जातो. म्हणजे गोळीला व्हिसा मिळतो, चिठ्ठीला मिळत नाही! का? कारण गोळी तिकडं जाण्याआधी तिकडचे लोक कारखाना तपासतात, कागदपत्रं मागतात. चिठ्ठीमागं मात्र तपासणारं कुणी नाही. माझे पुण्याचे डॉक्टर खरे आहेत का, त्यांची नोंदणी चालू आहे का, चिठ्ठी मी घरीच छापली का, हे रविवारी रात्री त्या बाई कुठून बघणार? फ्रान्सची चालते, कारण युरोपातल्या देशांनी एकमेकांच्या डॉक्टरांवर विश्वास ठेवायचा कायदाच केलाय. चिठ्ठी म्हणजे त्या देशातल्या डॉक्टर, दुकानदार आणि सरकार या तिघांमधला भरवसा. सीमा ओलांडली की तो संपतो. तुमचा आजार तेवढा ओलांडून जातो.

नावाचा घोळ

एक गोष्ट मात्र जगानं थोडीफार सोडवली, ती म्हणजे नाव. १९५० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलं की कंपनी काहीही नाव देवो, आतल्या औषधाचं एकच जागतिक नाव असावं. १९५३ मध्ये पहिली यादी निघाली. म्हणूनच त्या बाईंना 'अस्थालिन' कळलं नसतं, पण चिठ्ठीवरचं 'सालब्युटामॉल' लगेच कळलं.

पण इथंही अमेरिका वेगळी चूल मांडते. आपलं पॅरासिटामॉल तिथं ॲसिटामिनोफेन, आपलं सालब्युटामॉल तिथं अल्ब्युटेरॉल. घाबरू नका, आतला माल तोच.

आणि कधी नाव कळूनही उपयोग नसतो. ॲनाल्जिन घ्या. जर्मनीत डॉक्टर ते भरपूर लिहून देतात, अमेरिकेत १९७७ पासून बंद आहे, कारण क्वचित कुणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात. निमेसुलाइड आपल्याकडे घराघरात, अमेरिका-ब्रिटनमध्ये कधी मंजूरच झालं नाही. आपल्याकडेही १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे. म्हणजे 'आमच्याकडे चालतं' हा काही पुरावा नव्हे.

तर नाशिकच्या मैत्रिणी, बॅग अशी भर

एक. जाण्याआधी डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घे. आजार काय, औषधाचं मूळ नाव काय, डोस किती, सगळं टाइप केलेलं, सही-शिक्क्यासकट. डॉक्टरी अक्षर विमानतळावर कुणाला वाचता येत नाही!

दोन. गोळ्या मूळ पट्टीत आणि खोक्यातच ठेव. आई डब्यात सुट्या करून देत असेल तर प्रेमानं नाही म्हण. आणि रोजची औषधं हातातल्या बॅगेत, मोठी बॅग हरवू शकते.

तीन. सहा महिन्यांचा साठा बहुतेक ठिकाणी जास्त होतो. जर्मनी, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथं साधारण तीन महिन्यांपुरतं धरून चाल. जपानमध्ये चिठ्ठीवरची औषधं एकाच महिन्याची, त्याहून जास्त हवी तर आधी प्रमाणपत्र काढावं लागतं.

चार. वेदना, झोप, घबराट, लक्ष न लागणं, खोकला. यांपैकी कशावरही औषध चालू असेल तर त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा आरोग्य खात्याच्या साइटवर आधी बघ. परवानगी लागत असेल तर तिकीट काढतानाच अर्ज कर. नियम बदलतात, त्यामुळं माझ्यावरही विसंबू नकोस.

पाच. 'संपलं की आई कुरियरनं पाठवेल' हा बेत रद्द कर. जर्मनीत तर युरोपाबाहेरून स्वतःसाठी पोस्टानं औषधं मागवायला सहसा परवानगीच नाही.

आणि सहा, सगळ्यात महत्त्वाचं. पोचल्यावर पहिल्या महिन्यातच तिथल्या डॉक्टरकडे नाव नोंदव. आजारी नसताना. बरी असताना. जुनी पत्रं, रिपोर्ट त्याला दाखव, तो स्वतःची चिठ्ठी लिहील. मी हे केलं नव्हतं. पहिले चार महिने मला वाटत राहिलं की मी पाहुणी आहे, सगळं घरून येईल. औषधाच्या बाबतीत पाहुणं राहून चालत नाही.

आईला काय सांगायचं? माझ्या आईला तो किस्सा कळला तेव्हा ती फोनवर म्हणाली, "काय माणसं आहेत गं, पोरीला श्वास येत नाहीये आणि कागद मागतात!" तेव्हा मला अगदी पटलं होतं. आता तिला मी थॅलिडोमाइडची गोष्ट सांगितली, जे. जे.ची सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं, पण नंबर तरी दिला ना तिनं."

हो, दिला. नाही म्हणाली, आणि वाटही दाखवली.

चला, आज इथंच थांबू. परदेशात औषधांवरून तुमची किंवा घरच्यांची कधी फजिती झाली असेल तर व्हॉइस नोट पाठवा. आणि जाता जाता, घरातल्या एखाद्या गोळीच्या पट्टीमागची बारीक अक्षरं आज एकदा वाचून बघा. काळजी घ्या, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!